आग जोडापाशी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एक वाक्य वर्षभर फिरत असते : 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' घोडबंदर रोडच्या टॉवरमधली मीटर रूम असो, वाशीतले दुकान असो की वागळे इस्टेटमधला गाळा, अंदाज तोच आणि बातमीही तिथेच संपते. हा अंदाज खोटा असतो असे नाही, पण तो शेवटच्या क्षणाचा असतो. त्याआधी कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, एखाद्या स्क्रूखाली किंवा कनेक्टरमध्ये जे चाललेले असते त्याची चौकशी कोणी करत नाही. हे पत्र त्या स्क्रूविषयी आणि त्या कनेक्टरविषयी आहे. जरा लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

शॉर्ट सर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट टेकणे. अशा वेळी करंट नेहमीच्या कितीतरी पट होतो. घरातल्या 'सी' प्रकारच्या एमसीबीतून, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचमधून, त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या ५ ते १० पट करंट गेला की तो पापणी लवायच्या आत पडतो. म्हणजे शॉर्ट सर्किटवर इलाज घरोघरी बसवलेला आहे. ढिल्या जोडावर नाही. तारेचे टोक नीट आवळलेले नसेल तर करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, मग एमसीबीने पडायचे कशासाठी? ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, तोही गप्प बसतो, कारण त्याला फक्त गळती कळते आणि इथे गळती नाही. सगळा करंट ठरल्या वाटेनेच जातो आहे, वाटेत एक जागा तेवढी अडचणीची झाली आहे.

त्या जागेचा हिशेब सोपा आहे. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. चांगल्या जोडाचा रोध एक मिलिओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ढिला, काळा पडलेला जोड ०.१ ओहमपर्यंत सहज जातो. करंटचा वर्ग गुणिले रोध केले की उत्तर येते साडेसात वॉट, आणि ही उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो म्हणून निभावून जाते. त्याच जोडावर विजेच्या गाडीचा ३.३ किलोवॉटचा चार्जर लावला तर करंट १४.३ अँपिअर आणि उष्णता २० वॉटच्या वर. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते, यावरून कल्पना यावी. शिवाय चार्जर पाच-सहा तास चालतो, तोही रात्री, सगळे झोपलेले असताना. ७.४ किलोवॉटच्या चार्जरला तर ३२ अँपिअर लागतात, तिथे तेवढीच उष्णता व्हायला ०.०२ ओहम पुरतो. एवढे होऊनही जोडावर व्होल्टेज पडते ते दीड व्होल्टसुद्धा नाही. दिवा लुकलुकत नाही, पंखा मंदावत नाही, कोणाला संशय येत नाही.

पुढचे आपोआप घडते. जोड तापला की तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, थराने रोध वाढतो, रोधाने आणखी तापतो. लोड बंद झाला की धातू थंड होऊन आकसतो आणि स्क्रूची पकड थोडी आणखी सुटते. पीव्हीसीचे साधे इन्सुलेशन ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी असते. ते आधी तपकिरी पडते, मग कडक होऊन तडकते, मग त्याचा कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते. मग ठिणग्या, आणि सगळ्यात शेवटी फेज न्यूट्रलला टेकतो. आपल्याकडे बातमी होते ती या शेवटच्या टप्प्याची.

मधल्या टप्प्यांची चाहूल लागते, पण ओळखता आली पाहिजे. घरात मासळी शिजलेली नसताना बोर्डापाशी सुकट भाजल्यासारखा वास येत असेल तर तो बहुधा तापलेल्या स्विच-सॉकेटच्या प्लास्टिकचा असतो. प्लग काढल्यावर पिन हाताला चटका देते, सॉकेटचे एकच भोक कडेने पिवळसर होते, बोर्डाचा एकच कोपरा कोमट लागतो. ही लक्षणे दिसली की त्या सर्किटचा एमसीबी खाली करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. सॉकेट बदलून भागत नाही. मागची तार जिथपर्यंत कडक झाली आहे तिथपर्यंत कापून टाकून, चकाकते तांबे लागेपर्यंत मागे जावे लागते. काळ्या पडलेल्या तारेवर नवा कनेक्टर लावणे म्हणजे तोच रोग नव्या घरात नेणे.

आता कनेक्टरकडे. हार्डवेअरच्या दुकानात 'कनेक्टर द्या' म्हटले की समोर येते ती बारा खणांची पट्टी, पांढरी किंवा काळी. दोन वडापावांच्या पैशांत मिळते आणि हवे तेवढे खण कापून घेता येतात. वस्तू मुळात वाईट नाही. प्रत्येक खणात पितळेची नळी, तिच्यावर दोन स्क्रू, दोन बाजूंनी दोन तारा. पण पट्टीवर '३० अँपिअर' छापले म्हणून ती तेवढ्याची होत नाही. नळीचे भोक पाहावे, आपली तार आत मोकळेपणी जाऊन स्क्रूच्या पूर्ण खाली येते का ते पाहावे, नळीची भिंत किती जाड आहे ते पाहावे. खिशात छोटे लोहचुंबक असले तर उत्तम. नळीला चिकटले तर ती पितळेची नव्हे, पिवळा मुलामा दिलेले लोखंड आहे. स्क्रू लोखंडाचा चालतो, नळी चालत नाही. एक सावधगिरी मात्र हवी : पॅनलमध्ये डिन रेल नावाच्या धातूच्या पट्टीवर अडकवलेल्या टर्मिनलला, म्हणजे तारा आवळायच्या ठोकळ्याला, ही परीक्षा लावू नये. तिथे चांगल्या मालातही तार आवळणारा पिंजरा मुद्दाम पोलादाचा असतो आणि करंट वाहणारी पट्टी वेगळी, तांब्याची आणि कथिलाचा मुलामा दिलेली असते.

प्लास्टिकचाही विचार करावा. चांगले टर्मिनल पॉलिअमाइडचे असते आणि त्याच्या माहितीपत्रकात ज्वलनासाठी 'व्ही-०' असा दर्जा दिलेला असतो. याचा अर्थ ज्योत दूर केली की ते आपोआप विझते. स्वस्त पट्ट्या पॉलिथिनच्या किंवा भंगारातून पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकच्या असतात. त्या तापल्या की मऊ होतात, आतली नळी तिरकी होते आणि शेजारच्या नळीकडे झुकते. खऱ्या मालावर तारेचा आकार, व्होल्ट, अँपिअर आणि बनवणाऱ्याचे नाव साच्यातच उठवलेले असते. टर्मिनल ब्लॉक तयार करणारे कारखाने आपल्या जिल्ह्यातच, डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहेत, तेव्हा चांगला माल मिळत नाही ही सबब ठाणेकराने तरी सांगू नये. लोहार चाळीतून घाऊक आणणाऱ्याने पक्के बिल घ्यावे.

पट्टी चांगली घेतली तरी खरा घोळ तारेच्या टोकाशी होतो. पूर्वीच्या फिटिंगमध्ये एकसंध किंवा जाड पेडांची तार असे. आता घरात ओढतात ती मल्टिस्ट्रँड. अडीचच्या, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत बनावटीप्रमाणे ३६ ते ५० बारीक तंतू असतात. साध्या पट्टीत स्क्रूचे टोक थेट या तंतूंवर फिरते. काही तंतू बाजूला सरकतात, काही कापले जातात, आणि वरून पाहणाऱ्याला स्क्रू घट्ट बसलेला दिसतो. महिन्याभरात तंतू आणखी दबतात आणि स्क्रू आपसूक सैल होतो. यावर उपाय म्हणजे टोकाला पिन लग किंवा फेरूल, आमच्या भाषेत थिंबल, पंच करणे. तंतू सगळे एका नळीत बांधले जातात आणि स्क्रू त्या नळीवर बसतो. हे काम क्रिम्पिंगच्या, म्हणजे नळी तारेवर चेपून बसवायच्या, पकडीनेच करावे, आणि पकडीचा खाचा तारेच्या मापाचा असावा. साध्या पक्कडीने चेपलेली थिंबल वरून चपटी दिसते, आत पोकळच राहते.

एक जोड नीट करायचा म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहावे. मेन बंद करून टेस्टरने नव्हे, मीटरने खात्री करायची. तारेचे इन्सुलेशन स्ट्रिपरने काढायचे. ब्लेडने गोल फिरवून काढले तर तांब्याला चीर पडते आणि तार तिथूनच तुटते. किती काढायचे? टर्मिनलवर लिहिलेले असते, लहान स्क्रू टर्मिनलला बहुधा ८ ते १० मिलिमीटर. कमी काढले तर स्क्रू इन्सुलेशनवर बसतो, जास्त काढले तर उघडे तांबे बाहेर डोकावते. थिंबल लावून टोक आत पूर्ण सरकवायचे, स्क्रू आवळायचा, आणि मग तार हाताने ओढून पाहायची. आंतरराष्ट्रीय मानकात अडीचच्या तारेसाठी ५० न्यूटनची ओढ ठरवलेली आहे, म्हणजे साधारण पाच किलोचे वजन टांगल्यासारखी. चारच्या तारेला ६० न्यूटन. हाताने ओढताना तेवढी अचूकता येत नाही, पण जी तार नुसत्या चिमटीने निसटते ती उद्या जळणार हे तेव्हाच कळते.

स्क्रू किती आवळायचा यालाही आकडा आहे. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला अर्धा न्यूटन-मीटर, ४ मिलिमीटरच्याला १.२, ५ मिलिमीटरच्याला २. हे मोजून आवळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर मिळतो आणि पॅनलचे काम करणाऱ्याकडे तो असायलाच हवा. आपल्याकडे मात्र टेस्टरनेच स्क्रू आवळण्याची रीत आहे. टेस्टरचे पाते अरुंद, मूठ बारीक. त्याने ४ मिलिमीटरच्या स्क्रूला लागणारा जोर येत नाही, खाच तेवढी झिजते, आणि पुढच्या माणसाला तो स्क्रू ना आवळता येतो ना काढता.

दोन सवयी विशेष घातक आहेत. पहिली म्हणजे तारेच्या टोकाला कथील लावून, म्हणजे सोल्डर करून, ते स्क्रूखाली घालणे. दिसायला सुबक दिसते, पण कथील मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड सैल होतो. दुसरी, एकाच भोकात दोन वेगवेगळ्या जाडीच्या तारा घालणे. चारची तार स्क्रूचा सगळा दाब घेते आणि शेजारची दीडची नुसती उभी राहते. एकच बारीक तार मोठ्या भोकात घालायची असेल तर टोक दुमडून दुहेरी करावे, ते योग्य आहे. तारा पिळून वरून टेप गुंडाळण्याबद्दल काय लिहावे! पीव्हीसी टेपचा गोंद उष्णतेने पातळ होतो, वर्ष-दोन वर्षांत टेप उलगडते आणि उघडा पीळ तेवढा राहतो. गणपतीच्या मंडपात दहा दिवसांसाठी असे जोड केले जातात, तेही भर पावसात, आणि वरून माळांचा लोड.

फॉल्स सीलिंगमधले दिवे, पंखे, बोर्डातल्या न्यूट्रलची वाटणी, अशा कामांना आता लिव्हरचे कनेक्टर येतात : पारदर्शक डबी, दोन, तीन किंवा पाच भोके आणि प्रत्येकावर नारिंगी किंवा तशीच एखादी रंगीत पट्टी. पट्टी उचलायची, ११ मिलिमीटर सोललेली तार आत घालायची, पट्टी खाली दाबायची. आत स्प्रिंग असते, ती तार सैल झाली तरी मागोमाग दाबत राहते, म्हणून मल्टिस्ट्रँड तारेला थिंबलशिवाय चालते आणि वर्षाकाठी पुन्हा आवळायची गरज नसते. नामवंत कंपनीचा ४ चौरस मिलिमीटरपर्यंतचा कनेक्टर ३२ अँपिअर आणि ४५० व्होल्टचा असतो. नकली माल हुबेहूब तसाच दिसतो, आत स्प्रिंग मात्र पत्र्यासारखी पातळ. पट्टी उचलताना कुरकुर न करता लोळत वर आली की समजावे. लिव्हर नसलेले, नुसती तार खुपसायचे कनेक्टर फक्त एकसंध तारेसाठी असतात, मल्टिस्ट्रँड तार त्यात जात नाही, रेटून घातली तरी धरत नाही.

गिझरच्या आत किंवा गिझरजवळ, ओव्हन, हीटर अशा जागी प्लास्टिक नकोच, चिनी मातीचा कनेक्टर घ्यावा. उष्णता तो सहज सोसतो, फक्त जास्त आवळला की तडकतो. एसीच्या आउटडोअर युनिटमधला ब्लॉक कंपनीने दिलेला असतो, तो बदलून पट्टी लावू नये. नवा एसी बसवताना गॅसचे काम करणारा माणूस वायरिंग घाईत उरकतो, तेवढे स्क्रू इलेक्ट्रिशियनकडून पुन्हा बघून घ्यावेत.

सोसायटीच्या पंपाचे, लिफ्टचे, मीटरचे पॅनल ही वेगळी जात. तिथे ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर टर्मिनलची रांग असते. आकार आणि क्षमता ठरलेल्या आहेत : अडीचचे टर्मिनल २४ अँपिअर, चारचे ३२, सहाचे ४१, दहाचे ५७. जाडीनेही ओळखता येतात, अडीचचे साधारण ५ मिलिमीटर रुंद, चारचे ६, सहाचे ८, दहाचे १०. हे आकडे चाचणीच्या टेबलावरचे आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या बंद पेटीत, शेजारी दहा टर्मिनल तापलेली, अशा ठिकाणी एक-दोन आकार वरचे घेणे शहाणपणाचे. ३२ अँपिअरच्या गाडीच्या चार्जरला चारचे टर्मिनल कागदावर बसते, प्रत्यक्षात दहाचे लावावे आणि तारही किमान सहाची, मीटर रूमपासून पार्किंग लांब असेल तर दहाची ओढावी.

या रांगेत एक चूक जागोजागी दिसते. टर्मिनलची एक बाजू बंद आणि एक उघडी असते, शेजारचे टर्मिनल ती झाकते. रांगेतल्या शेवटच्याला शेजारी नसतो, त्यासाठी एंड प्लेट मिळते. काही रुपयांची ही प्लेट विसरली की २३० व्होल्टचा धातू उघडा राहतो. दोन्ही टोकांना एंड क्लॅम्प नसला की रांग रेलवर सरकते आणि तारा ताणल्या जातात. शेजारशेजारची टर्मिनल एकमेकांना जोडायला त्याच कंपनीची शॉर्टिंग लिंक घ्यावी, तारेचे छोटे तुकडे घालत बसू नये. अर्थिंगसाठी हिरवे-पिवळे टर्मिनल असते आणि ते खालून रेललाच धरते, म्हणून रेल स्वतः नीट अर्थ केलेली हवी. पंप आणि लिफ्टच्या पॅनलला सतत कंप असतो, तिथे स्क्रूपेक्षा स्प्रिंगची टर्मिनल टिकतात. आमच्या क्षेत्रातल्या जुन्या मंडळींचा स्क्रूवर जीव असतो, पण कंपाच्या ठिकाणी हा हट्ट सोडावा.

पंपाच्या मोटरवरच्या डब्यात स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, आणि नट असतात. तिथे तारेला रिंग लग, म्हणजे गोल भोकाची थिंबल, पंच करतात. लगचे भोक स्टडच्या मापाचे हवे, ६ मिलिमीटरच्या स्टडला १० चे भोक नको. आणि वॉशरचा क्रम सांभाळावा. आधी लग, थेट पितळेच्या पट्टीवर टेकलेला. त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. बरेच जण लग आणि पट्टीच्या मध्ये वॉशर घालतात. मग सगळा करंट त्या लोखंडी वॉशरमधून जातो आणि नट कितीही आवळला तरी तो तापतोच.

ॲल्युमिनियमचा प्रश्न मीटर रूममध्ये येतो. इमारतीत येणारी जाड केबल बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि मीटरच्या पलीकडे तांबे. हे दोन धातू थेट एकत्र आवळले आणि ओल आली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त प्रसरण पावते आणि त्याच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही. म्हणून तिथे ॲल्युमिनियम आणि तांबे अशा दोन्ही बाजू असलेला बायमेटॅलिक लग, टोक घासून लगेच लावलेली जॉइंटिंग पेस्ट, आणि दाबाच्या यंत्राने केलेले क्रिम्पिंग लागते. नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींत, जिथे घरातले वायरिंग कधी बदललेलेच नाही, तिथे आतही ॲल्युमिनियमची तार निघू शकते. तिला साध्या पितळी पट्टीत तांब्याशी जोडण्यापेक्षा ती तार काढून टाकणे बरे.

आणि सगळ्यात दुर्लक्षित टर्मिनल म्हणजे न्यूट्रल लिंक, सगळ्या न्यूट्रल तारा जिथे एकत्र येतात ती पट्टी. लोक फेजला घाबरतात, न्यूट्रलला कोणी विचारत नाही. थ्री फेज सप्लायवर उभ्या इमारतीत मुख्य न्यूट्रलचा जोड सुटला तर तीन फेजवरची घरे एकमेकांशी मालिकेत जोडल्यासारखी होतात. जिथे लोड जास्त तिथे व्होल्टेज घसरते, जिथे कमी तिथे २३० चे ३०० च्या पुढे, वाईट परिस्थितीत ४०० च्या जवळ जाते. एका रात्रीत अनेक घरांचे टीव्ही, फ्रिज, राउटर जातात आणि सगळे म्हणतात, 'वरून हाय व्होल्टेज आले.' कित्येकदा ते वरून आलेले नसते, आपल्याच मीटर रूममधल्या न्यूट्रलच्या बोल्टने दिलेले असते. काही घरांत दिवे मंद आणि त्याच वेळी काही घरांत भगभगीत, असे दिसले की क्षणाचाही विलंब न लावता मेन बंद करावा.

खाडीकाठच्या हवेचे वेगळे सांगायला नको. ऐरोली, वाशी, नेरूळपासून कोपरी-कळव्यापर्यंत खारट दमट हवा आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात तिच्यात कारखान्यांचे वायू मिसळतात. गंधकाच्या वायूने उघडे तांबे काळे पडते, म्हणून तिथे कथिलाचा मुलामा दिलेलेच लग आणि टर्मिनल घ्यावेत. गच्चीवरचा पंप, टाकीचा लेव्हल कंट्रोलर, गेटचे दिवे यांचे जोड आयपी ६५ दर्जाच्या, म्हणजे धूळ आणि पाण्याची धार आत न घेणाऱ्या, पेटीत करावेत. पण पेटी घेऊन वरच्या बाजूला भोक पाडले आणि केबल तशीच आत घातली तर दर्जा संपला. ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारे बूच, खालून घ्यावी, ती केबलच्या मापाची असावी, आणि पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा म्हणजे पाणी झोलावरूनच टपकते. बंद पेटीतही रात्री दव साचते, तेव्हा तळाशी निचऱ्याची ग्लँड असलेली बरी. कंड्युटमधूनही पाणी वाहत येते आणि ते थेट टर्मिनलवर पडते, त्यामुळे गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपचे तोंड बंद करावे.

तपासणीचे म्हणाल तर सोसायटीने वर्षातून एकदा थर्मल कॅमेऱ्याने मीटर रूम बघून घ्यावी. वेळ महत्त्वाची : सकाळी अकराला सगळे कामावर गेलेले असताना कॅमेरा फिरवून काही दिसत नाही. मे महिन्यातल्या रात्री नऊ-दहाला, एसी चालू आणि गाड्या चार्जिंगला लावलेल्या असताना बघावे. आकड्यापेक्षा तुलना पाहावी. तिन्ही फेजवर लोड सारखा असताना एकाच फेजचा जोड बाकीच्यांपेक्षा १५ अंशांहून जास्त गरम असेल तर तो तातडीने उघडायचा. चकचकीत तांबे-पितळ कॅमेऱ्याला खरे तापमान दाखवत नाही, म्हणून लगतच्या इन्सुलेशनवर नेम धरावा. कॅमेरा नसेल तर परवानाधारक माणूस लोड चालू असताना जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून मिलिव्होल्ट मोजू शकतो : १० अँपिअरला १० मिलिव्होल्ट ठीक, ५०० मिलिव्होल्ट म्हणजे जोड गेला. हे काम चालू पुरवठ्यावरचे आहे, सोसायटीच्या हौशी सदस्याचे नाही. नव्या फिटिंगचे स्क्रू मात्र महिन्याभराने एकदा, पुरवठा बंद करून, टॉर्क लावून बघावेत. दर सहा महिन्यांनी 'अजून थोडे' म्हणत आवळत राहिले तर तंतू कापले जातात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार असे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फत व्हायला हवे. कोटेशन मागताना सोसायट्या तारेचा ब्रँड लिहून घेतात, एमसीबीचा लिहून घेतात. त्या कागदावर टर्मिनलचा आकार, लगचा प्रकार आणि काम झाल्यावर टॉर्कची नोंद या तीन ओळी वाढवाव्यात. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा प्लॅस्टरच्या आत गाडलेले जोड मान्य करू नयेत, जोड तपासता येईल अशाच जागी असला पाहिजे. आणि मीटरच्या अलीकडचा, महावितरणचे सील असलेला भाग तापत असेल तर सील न तोडता त्यांच्या कार्यालयात तक्रार द्यावी, कारण आपला मेन बंद केला तरी तो भाग चालूच असतो.

आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी 'शॉर्ट सर्किट' हा शब्द कानावर आला की घटनास्थळी चार प्रश्न विचारावेत : एमसीबी पडलेला होता की चालू? आग कुठल्या टर्मिनलपासून पसरली? तिथे तार तांब्याची होती की ॲल्युमिनियमची? आणि तो जळका कनेक्टर कोणी जपून ठेवला आहे, की राखेबरोबर झाडून टाकला?

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक,
ठाणे (पश्चिम)